पॉइंट टू-टू स्पोर्ट पिस्तूल: नऊ महिने, चार हजार गोळ्या आणि एक चिवट जॅम

मार्चमध्ये पिस्तूल हातात आलं, आता डिसेंबर संपत आलाय. एवढ्या काळात चार हजारांवर गोळ्या मारून झाल्या. माझा प्रकार २५ मीटर पिस्तूल. ग्रिपचं लाकूड पॉलिश पेपरने घासून हाताला बसवलं, ट्रिगर ओढायला लागणारं वजन नियमाप्रमाणे एक किलोच्या किंचित वर ठेवलं. नेमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिहायचंय ते जॅमबद्दल, कारण त्याने माझे चार महिने खाल्ले.

पहिला मोठा फटका स्पर्धेत बसला. रॅपिडची, म्हणजे वेळेत मारायची पाच गोळ्यांची मालिका चालू होती. तीन सेकंद हिरवा दिवा, त्यात एक गोळी मारायची, मग सात सेकंद लाल. तिसरी गोळी गेली आणि रिकामी पुंगळी बोल्टच्या (दर गोळीला मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) तोंडात उभी अडकली. पिस्तूल टार्गेटकडेच ठेवलं, कशालाही हात लावला नाही, मोकळा हात वर केला. अधिकाऱ्यांनी पाहून ‘अलाउएबल मालफंक्शन’ (नेमबाजाची चूक नसलेला बिघाड) दिलं आणि उरलेल्या दोन गोळ्या नंतर मारायला मिळाल्या. आपणच घाईने बोल्ट ओढला असता, तर तो हक्क गेला असता. नव्या मुलांनी एवढं तरी पक्कं लक्षात ठेवावं.

मग शोध सुरू झाला. आधी दारूगोळ्यावर संशय घेतला आणि दुसऱ्या लॉटची पेटी आणली. मग मनगट सैल पडतंय असं वाटलं. मग मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यामुळे काहीच कळेना. शेवटी मॅगझिनवर नेलपॉलिशने १ आणि २ लिहिलं आणि वहीत नोंदी घ्यायला लागले: कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, सफाईनंतर किती गोळ्या झाल्या. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. मॅगझिन कोणतंही असो, अडकायचं ते सफाईनंतर दोनशे-अडीचशे गोळ्या झाल्यावरच.

या पिस्तुलात गॅसच्या दाबाने पुंगळी मागे येते खरी, पण इजेक्टरवर (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या भागावर) आपटेपर्यंत तिला धरून ठेवतो तो एक्स्ट्रॅक्टर. भिंगाखाली त्याची नखी पाहिली. तिच्या मागच्या फटीत मेण, शिसं आणि न जळलेली दारू यांचा काळा, चिकट गोळा घट्ट बसला होता. त्यामुळे नखी पूर्ण मिटतच नव्हती. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) स्वच्छ असेपर्यंत ती अर्धवट पकडही पुरायची. चेंबरमध्ये मळी धरली की बोल्टचा वेग मंदावायचा आणि पुंगळी सुटायची. मी दर वेळी नळी पुसत होते, पण या फटीपर्यंत कधी गेलेच नव्हते. लाकडी टूथपिक आणि नायलॉनचा ब्रश घेऊन अर्धा तास बसले. तेव्हापासून सुमारे अकराशे गोळ्या झाल्या, एकही पुंगळी अडकली नाही.

जुलैत दुसरंच दुखणं उपटलं होतं: मिसफायर. कोल्हापूरच्या पावसात गंज चढेल या धास्तीने मी सगळीकडे तेल सोडत होते. गोळी उडाली नाही की नळी टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबायचं आणि मगच काडतूस काढायचं. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून कडेवरचा फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटणाऱ्या सुईचा) ठसा पाहायचा. ठसा नेहमीसारखा खोल असेल, तर दोष बहुधा काडतुसाचा. माझे ठसे उथळ होते. माझ्या प्रशिक्षक सरांनी बोल्ट हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, “अगं, फायरिंग पिनच्या खोबणीत तेल नको. मळी धरते, पिन मंदावते. पुसून कोरडी ठेव.” ती कोरडी केली आणि मिसफायर थांबले. आता तेलाचा एकच थेंब, तोही फक्त बोल्ट घासतो तिथे.

मॅन्युअलमध्ये दाखवलंय तेवढंच घरी उघडते, मॅगझिन काढून आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासून. ट्रिगरच्या आतल्या भागांना हात लावत नाही, ते आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं काम. रिकाम्या चेंबरवर चाप ओढून सरावही करत नाही. पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पडू शकते. त्यासाठी डमी काडतुसं आहेत.

बोल्ट पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग अजून मूळचीच आहे. नवी आणून डब्यात ठेवलीय, पण वहीत तसं काही दिसेपर्यंत बदलणार नाही.