इंटरव्ह्यूच्या कोड्यांचा क्लास: साडेचार हजारात काय मिळालं (३ स्टार)

संभाजीनगरला औरंगपुऱ्याकडं एक क्लास आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली बरीच कुरकुर आहे आणि सरांचा माझ्यावर अजून जीव आहे. इंटरव्ह्यूत डोक्याला ताप देणारी गणिताची कोडी विचारतात ना, दोन दोऱ्या जाळून ४५ मिनिटं मोजा, १००० बाटल्यांतली विषाची शोधा, तसली, फक्त त्याचीच सहा आठवड्यांची शनिवार-रविवार बॅच. फी ४५०० रुपये. मी सेलूवरून रेल्वेनं येऊन-जाऊन केली म्हणजे तिकिटाचे पैसे वेगळेच. बॅच संपून दोन महिने झाले, मधे तीन इंटरव्ह्यू पण देऊन झाले म्हणून आता लिहायलेय, तेव्हाच रागारागात लिहिलं असतं तर एकच स्टार पडला असता.

आधी जागेचं. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान, जिना इतका अरुंद की वरची बॅच सुटली की खालच्यांनी भिंतीला चिकटून उभं रहायचं. बेंच चार जणांचा, बसतात पाच. पंखे तीन, त्यातला एक नुसता आवाज करतो. मी मे महिन्यात केलीय, त्यामुळं जास्त काय सांगू, ज्यांनी मराठवाड्यातला मे काढलाय त्यांना कळतंय. जारचं पाणी दुपारी दोनला संपतं, बाटली भरून न्या. गाडी लावायला जागा नाही.

नोट्स म्हणून एक ८४ पानांची स्पायरल वही देतात, तिचे वेगळे ३०० रुपये आणि हे फी भरताना सांगत नाहीत, दुसऱ्या दिवशी सांगतात. वहीत एका पानावर कोडं, मागच्या पानावर उत्तर. उत्तर म्हणजे नुसतं उत्तर, ते आलं कसं ते नाही. आणि चुका! २४ तासांत तास काटा आणि मिनिट काटा किती वेळा एकावर एक येतात, तर वहीत २४. मला वाटलं बरोबरच असंल, तासाला एकदा. घरी गेल्यावर भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं आणि मागची चकती फिरवत बसले, बाबा म्हणायलेत सेल संपला का गं, म्हणलं नाही अभ्यास करायलेय. एकची भेट एक वाजून पाच मिनिटांच्या थोडं पुढं होते, दोनची दोन वाजून दहाच्या पुढं, असं प्रत्येक वेळी पुढं पुढं सरकत अकराची भेट अकरा ते बाराच्या मधे होतच नाही, ती थेट बारालाच होते. म्हणजे १२ तासांत ११ आणि दिवसाला २२. तसंच सव्वातीनला दोन काट्यांमधला कोन वहीत ० छापलाय. अहो पण मिनिट काटा तीनवर येईपर्यंत तास काटा काय झोपून रहातो का, तो पाव घर पुढं गेलेला असतो, एक घर म्हणजे ३० अंश, पाव म्हणजे साडेसात. हे सरांना दाखवलं तर ‘टायपिंग मिस्टेक आहे, पेनानं करून घे’. माझ्या मागच्या बॅचच्या मैत्रिणीची वही बघितली तर तिच्यात पण पेनानं केलेलं होतं. म्हणजे मिस्टेक माहितीय, नुसतं परत टाइप करायचा कंटाळा आहे.

आता चांगलं पण सांगते, नाहीतर अन्याय होईल. सर मुळात शिकवतात लई भारी, म्हणजे मूड लागला तर. २५ घोड्यांचं कोडं त्यांनी घोडे काढून शंकरपटाच्या बैलजोड्या घालून घेतलं. २५ जोड्या, एका वेळी ५ च पळू शकतात, घड्याळ नाही, सगळ्यात वेगवान ३ जोड्या काढायच्या, कमीत कमी किती वेळा पळवाव्या लागतील. मागचा एक सिल्लोडकडचा पोरगा लगेच उठला, सर पटात तर सेकंदावरच निकाल असतो, जोडी एकटी पळाली तरी चालतंय. सर म्हणाले बाबा तुझ्या पटातलं मशीन आज बंद पडलंय असं समज आणि खाली बस. मग फळ्यावर पाच ओळी काढल्या. पाच फेऱ्या पाच गटांच्या. सहावी फेरी पाच गटांत पहिल्या आलेल्यांची. त्यात जी जिंकली ती सगळ्यांची राजा, तिला परत पळवायची गरज नाही. आता सरांनी डस्टर घेतलं आणि पुसत सुटले. सहाव्या फेरीत चौथी-पाचवी आली तिचा अख्खा गट गेला, कारण तिच्याच पुढं तीन जोड्या आहेत तर तिच्या मागच्यांचं काय घेऊन बसता. तिसरी आली तिच्या गटातली ती एकटीच राहिली. दुसरीच्या गटातल्या दोन, राजाच्या गटातली दुसरी आणि तिसरी. उरल्या किती? ५. सातवी फेरी त्यांची, त्यातल्या पहिल्या दोन घ्यायच्या, संपलं. सात. आमच्या बेंचवर पाचच्या पाच जणी ‘अय्या’ म्हणल्या. कोण जिंकू शकतं ते शोधू नका, कोण जिंकूच शकत नाही ते पुसत जा, हे सर बोलले नाहीत पण त्यांच्या डस्टरनं सांगितलं. तीन इंटरव्ह्यूत मला हे दोन ठिकाणी कामाला आलं.

अजून एक, विषयाला सोडून आहे पण मला आवडलं म्हणून. एका रविवारी लाईट गेलेली, सर म्हणाले वही बंद करा आणि मोर-सापाचं कोडं घातलं. ९ हात उंच खांब, खाली बुंध्याशी सापाचं बीळ, वर मोर बसलाय, साप २७ हातावरून बिळाकडं यायलाय. मोरानं बघितलं आणि तिरकी झेप घेतली, दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातावर गाठ पडंल. उत्तर १२. साप २७ वजा १२ म्हणजे १५ हात आला, आणि मोराची तिरकी झेप ९ आणि १२ च्या काटकोनात १५ च. हे भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं, ११५० सालचं. आणि मग सर म्हणाले की त्यांचा नातू चांगदेव हा आपल्या देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात ज्योतिषी होता, त्यानं कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावकडं पाटण आहे ना तिथं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. म्हणजे बघा लेकरांनो, गणिताचा क्लास काढून पोट भरायचा धंदा आपल्या भागात ८०० वर्षं जुना आहे, मला नावं ठेवू नका. त्या अंधारात ६० पोरं हसायली होती.

पण ह्याच सरांनी तीन दारांच्या कोड्यात आमचा पार बट्ट्याबोळ केला. तीन दारं, एकामागं कार, दोघांमागं बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलं. ज्याला माहितीय कार कुठंय तो उरलेल्या दोनातलं एक उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, बदलायचं का. सर म्हणाले दोन दारं उरली, फिफ्टी-फिफ्टी, काही फरक पडत नाही. मी म्हणलं सर बदललं तर दोन-तृतीयांश आहे, तर चिडले, सगळ्यांसमोर, ‘तू शिकव मग’. मला रडू यायलं होतं खरंतर.

परत जाताना मैत्रीण सोबत होती, जालना सुटल्यावर आम्ही चहाचे तीन कागदी कप पालथे घातले सीटवर आणि एका शेंगदाण्याची कार केली. ती लपवणार, मी उचलणार. ३० डाव न बदलता, ३० डाव बदलून. समोर एक आजोबा बसलेले, ते म्हणे अगं पोरी जत्रेत असल्या खेळात मी नवी चप्पल घालवलेलीय, पैसे लावू नकोस. परतूर मागं पडलं तोवर ६० डाव झाले. न बदलता ९ वेळा शेंगदाणा सापडला, बदलून २१ वेळा. बरं आणि सोपं आहे की हो, पहिल्यांदा उचललेला कप तीनात एकदाच बरोबर असतो, म्हणजे तीनात दोनदा दाणा बाकीच्या दोनात असतो, आणि त्यातला रिकामा तर ती स्वतःच उचलून देते. सरांचा राग मात्र नंतर गेला माझा, कारण वाचलं की १९९० ला अमेरिकेत मेरिलिन वॉस सॅव्हंट बाईंनी परेड नावाच्या मासिकात हेच बरोबर उत्तर दिलं तर हजारो लोकांनी तुम्ही चुकला म्हणून पत्रं पाठवली, त्यात पीएचडीवाले सुद्धा होते. मग आमचे सर तर बीएस्सी बीएड. पण चुकलं तर पुढच्या रविवारी चुकलं म्हणायला काय जातंय, ते नाही म्हणाले.

आता मेन गोष्ट, ज्याच्यामुळं दोन स्टार कापले. हा क्लास पाठ करून घेतो. दोन अंडी आणि १०० मजल्यांचं कोडं आहे, कोणत्या मजल्यापासून टाकलं की अंडं फुटतं ते कमीत कमी वेळा टाकून शोधायचं. पहिलं अंडं कोणकोणत्या मजल्यावरून टाकत जायचं त्याचा सरांनी पाढाच केला होता, सगळी बॅच एका सुरात, चौदा, सत्तावीस, एकोणचाळीस, पन्नास, साठ, एकोणसत्तर… खालच्या झेरॉक्सवाल्याला सुद्धा पाठ असंल. उत्तर १४.

पुण्यात हिंजवडीला माझा दुसरा इंटरव्ह्यू. समोर दोघं, एक सर आणि एक मॅडम. सर म्हणाले, तुमच्याकडं दोन अंडी आहेत आणि एक बिल्डिंग आहे… मी म्हणलं चौदा. मॅडमनी पेन खाली ठेवला. सर म्हणाले, ‘मजले किती ते मी अजून सांगितलंच नाही.’ माझे कान इतके तापले ना, वाटलं उठून सरळ स्टँड गाठावं. सर शांतपणे म्हणाले, ३६ मजले, आता सांगा.

पाढा तर ३६ चा नव्हता. तेव्हा आठवलं ते क्लासमधलं नाही, क्लास सुटल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवरचं. सर तिथं उभ्या उभ्या कटिंग घेत दोघा-तिघांशी गप्पा मारतात, एकदा म्हणाले होते की येत नसलं तर गप्प बसून वर बघत बसू नका, जे डोक्यात चाललंय ते बोलत रहा, समोरच्याला तुमचं डोकं ऐकायचं असतंय. म्हणून मी बोलायला लागले. म्हणलं पहिलं अंडं फुटलं की दुसरं खालून एकेक मजला करतच न्यावं लागणार. मग पहिलं अंडं जितक्या जास्त वेळा टाकू तितकं दुसऱ्यासाठी काम कमी उरलं पाहिजे, म्हणजे उड्या एक-एकनं लहान करायच्या. पहिली उडी ८ घेतली तर पुढची ७, मग ६. कागदावर ८, १५, २१, २६, ३०, ३३, ३५, ३६. बरोबर ३६ वर संपलं आणि मी स्वतःच ‘अय्या’ म्हणले, मोठ्यानं. आठव्यावर फुटलं तरी खालचे ७ मिळून ८, पंधराव्यावर फुटलं तरी दोन आणि मधले ६ मिळून ८. सात वेळांत का नाही होणार असं मॅडमनी विचारलं, म्हणलं ७ पासून १ पर्यंत बेरीज २८ च होते, ३६ ला पोचत नाही. पुढच्या राउंडला घेतलं त्यांनी. तिथं पगाराच्या गोष्टीवर अडलं ते वेगळं रडगाणं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे सरांना, जे टपरीवर फुकट सांगता ते वर ४५०० घेऊन का सांगत नाही? सहा आठवड्यांत एकदा सुद्धा कुणाला फळ्याजवळ उभं करून बोलायला लावलं नाही. मॉक इंटरव्ह्यू जाहिरातीत आहे, झाला नाही, विचारलं तर पुढच्या बॅचला या म्हणे.

माझा भाऊ मला पहिल्या दिवसापासून चिडवायचा की गूगलच्या एचआरच्या हेडनंच, लाझ्लो बॉक म्हणून, २०१३ ला सांगून टाकलं की असल्या कोड्यांनी काही कळत नाही, निव्वळ वेळ जातो, आणि तू त्याचाच क्लास लावायलीस. खरंय त्याचं. पण मला गूगलनं कुठं बोलावलंय, मला जे बोलावतात ते अजून विचारतात, तीन पैकी तिन्ही ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी, इथंच एमआयडीसीत, मुलाखत घेणाऱ्याच्या हातात जी स्पायरल वही होती ती मी शपथेवर सांगते आपल्याच क्लासची होती, आणि त्यांनी सव्वातीनचा कोन विचारला, मी साडेसात म्हणलं, त्यांनी वहीत बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मी म्हणलं सर, तुमचं घड्याळ द्या मिनिटभर.

कुणी लावणारच असंल तर लक्षात ठेवा, रविवारी लाईट जाते. वही विकत घेऊ नका, माझी आहे, पेनानं दुरुस्त केलेली, सेलूत कुणाला पाहिजे असंल तर घेऊन जा. आणि क्लास सुटल्यावर लगेच स्टेशनला पळू नका, टपरीवर थांबा, चहा १० रुपये.