होमगार्ड की टेरिटोरियल आर्मी?

वर्दीची ओढ असलेली पोरं विचारायला आली की मी आधी एकच विचारतो : घरचं कोण बघतं? दोन्हीकडे सेवा आहे, कायमची नोकरी कुठेच नाही.

होमगार्ड आपल्याच मातीतलं. 6 डिसेंबर 1946 ला मुंबई प्रांतात, दंगली आवरताना पोलिसांना हात म्हणून हे दल उभं राहिलं. दहावी पास, वय 20 ते 50, नोंदणी 3 वर्षांची, मुलींनाही दार उघडं. गणपती, निवडणूक, आषाढी वारी, पूर, काहीही असो, बोलावणं तालुक्याच्या पथकातून येतं, आणि बंदोबस्तावर असताना कायद्याने पोलिसाचेच अधिकार असतात. 2024 मध्ये दिवसाचा भत्ता 570 वरून 1083 रुपये झाला, पण ड्युटी लागली तरच. विसर्जनाच्या रात्री दोर धरून पहाटेपर्यंत उभी राहिलेली पोरं मी पाहिलीत. तळहातावर काथ्याचे लाल वळ, आणि सकाळी आठला तोच हात दुकानाचं शटर वर ढकलतो. अशी 3 वर्षं काढली की पोलीस, वन आणि अग्निशमन भरतीत 5 टक्के आरक्षण मिळतं. माझ्या मते खरी कमाई ती.

टेरिटोरियल आर्मी म्हणजे सैन्यच, आपला कामधंदा सांभाळून करायचं. 9 ऑक्टोबर 1949 पासूनची ही सेना. पुण्यात 101 आणि कोल्हापुरात 109, या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन आहेत. अधिकारी व्हायचं तर पदवी हवी, स्वतःची कमाई हवी, आणि लेखी परीक्षेनंतर एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. बोलावलं की पगार नियमित सैनिकाइतका. पण बोलावणं म्हणजे चौकातला बंदोबस्त नव्हे. मे 2025 मध्ये केंद्राने 32 पैकी 14 पायदळ बटालियन सेवेत घेण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला होता. परतल्यावर मालकाने पुन्हा कामावर घ्यावं, असं कायदा सांगतो. मात्र ज्याचा स्वतःचा गोठा आहे, त्याच्या म्हशींची धार तोवर कोण काढणार, हे घरातच ठरवावं लागतं. पेन्शनसाठी जवानाला प्रत्यक्ष सेवेची 15 वर्षं भरावी लागतात, तीही नीट मोजा.

पोलीस भरतीत दोन-चार गुणांनी हुकलेल्या पोराला मी डोळे मिटून होमगार्ड सांगतो. नोकरीत स्थिरावलेल्या, तिशीतल्या पदवीधराने टेरिटोरियलचा अर्ज जरूर भरावा. फक्त नेमणूक काश्मीरलाही लागू शकते, हे घरच्यांना आधी सांगावं.