स्टेनलेस नट-बोल्ट: तयार किट घ्यावं की सुटे मागवावेत?

जुनी मोटरसायकल पूर्ण उघडून झाली, फ्रेमला रंग लागला, की डब्यातले गंजलेले नट-बोल्ट परत लावायला हात धजत नाही. स्टेनलेस लावायचं ठरलं तर पुढचा प्रश्न ते आणायचे कसे: मॉडेलच्या नावानं मिळणारं किट, की एकेकाचं माप घेऊन सुटे? मी दोन्ही वापरलेत. गाडी अगदी कारखान्यातून आल्यासारखी दिसायला हवी असेल तर जुनेच बोल्ट झिंक प्लेटिंग करून लावणं योग्य, पण तो विषय वेगळा.

इंजिन कव्हरसाठी किटला तोड नाही. जुन्या जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू जेआयएस (जपानी मानक) घाटाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो. अ‍ॅलन बोल्टचं किट लावलं की ही कटकट कायमची जाते. ब्रिटिश गाडी असेल तर किटचं पारडं आणखी जड होतं. आट्यांचे तीन प्रकार भेटतात: पाच-सोळांश इंचाच्या बोल्टला बीएसएफमध्ये (ब्रिटिश बारीक आटे) इंचाला 22 आटे, यूएनएफमध्ये (युनिफाइड बारीक आटे) 24 आणि सायकल थ्रेडमध्ये (ब्रिटिश सायकल-मोटरसायकलींचे आटे) 26. आणि एकाच गाडीवर यांची सरमिसळ सापडू शकते. पाव इंचात तर बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्हींचे 26 आटे, फक्त आट्यांचा कोन बीएसएफचा 55 अंश, सायकल थ्रेडचा 60. पिच गेजवर (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्यांवर) आटे मोजून हा फरक सहज कळत नाही. अशा वेळी कुणीतरी आधीच लावून दिलेला हिशेब मोलाचा वाटतो.

सायकल पार्ट्सचं (म्हणजे इंजिन सोडून फ्रेम, मडगार्ड वगैरे भागांचं) किट मात्र माझ्या मनातून उतरलं ते एका गोष्टीमुळे. त्यातले बहुतेक बोल्ट डोक्यापासून टोकापर्यंत आटे पाडलेले होते. मूळ बोल्टला डोक्याखाली गुळगुळीत दांडा होता आणि आटे फक्त नट बसतो तिथे. मडगार्डचा स्टे, फुटरेस्टचा ब्रॅकेट, स्टँडचा पिव्होट, या जागी पत्रा किंवा बुश त्या दांड्यावर टेकतो. तिथे आटे आले की भोक कानशीनं घासल्यासारखं मोठं होत जातं. मला तर थोडं चालवल्यावर मडगार्डची थरथरही वाढल्यासारखी वाटली. मी मोजमाप केलेलं नाही, पण बोल्ट बदलल्यावर ती गेली. शिवाय नटाबाहेर आलेले लांबच लांब आटे दिसायलाही वाईट. सगळीच किट अशी नसतील. घेण्याआधी विचारून घ्या.

सुट्या बोल्टांत ही निवड आपल्या हातात राहते. डीआयएन या जर्मन मानकात 933 म्हणजे पूर्ण आट्यांचा, 931 म्हणजे दांडा असलेला. मेट्रिक 931 मध्ये 125 मिमी लांबीपर्यंत आट्यांचा भाग व्यासाच्या दुप्पट अधिक 6 मिमी असतो. म्हणजे एम8 ला (8 मिमी व्यासाच्या बोल्टला) 22. मला 23 मिमी दांडा आणि एकूण 35 लांबी हवी होती, म्हणून 45 चा बोल्ट घेऊन टोकाचे 10 मिमी कापले. कापण्याआधी नट चढवून ठेवायचा, म्हणजे तो काढताना आट्यांचं तोंड साफ होतं. काम वेळखाऊ आहे, पण बोल्ट जागेवर बसला की घेतलेल्या कष्टांचं समाधान वाटतं.

किट असो वा सुटे, ए2-70 (नेहमीच्या स्टेनलेस बोल्टचा दर्जा) ची ताणशक्ती 700 न्यूटन प्रति चौरस मिमी, तर 8.8 दर्जाच्या पोलादी बोल्टची 800. आणि बोल्ट ताणून कायमचा लांबायला लागतो ती मर्यादा अनुक्रमे 450 आणि 640. म्हणून ब्रेक कॅलिपर, टॉर्क आर्म, एक्सल, सिलिंडर हेडचे स्टड इथे मी स्टेनलेस लावत नाही, किटमध्ये आलेलं असलं तरी. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर अर्ध्यातच जाम होतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये आट्यांभोवती पांढरी भुकटी साचून बोल्ट धरून बसतो. दोन्हींवर उपाय अँटी-सीझ पेस्ट; ती लावली की टॉर्क (आवळण्याचा जोर) थोडा कमी ठेवायचा.

गाडी ब्रिटिश असेल आणि आट्यांची पारख अजून बसली नसेल तर किट घ्या, त्यात वावगं काही नाही. जपानी किंवा इतर मेट्रिक गाडीला मी कव्हरपुरतं किट आणि बाकी सगळं सुटं घेईन. प्रत्येक जुन्या बोल्टची एकूण लांबी, दांड्याची लांबी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) तो टाकून देण्याआधी लिहून ठेवा.