इंची-मेट्रिक मिसळ असलेला मिनी लेथ: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटर, चक (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा भाग), बेड यांबद्दल सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. माझा राग क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाच्या) डायलवर आहे. तिच्यावर ४० रेघा आहेत आणि एक रेघ म्हणजे एक थाऊ, ०.००१ इंच, असं छापलंय. म्हणजे एका फेऱ्यात स्लाइड १.०१६ मिमी सरकायला हवी. बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा) काढून, डायल गेज (किती सरकलं ते बारीक मोजणारं साधन) लावून, एकाच दिशेने १० फेरे द्या. सरकते १०.०० मिमी, १०.१६ नाही. स्क्रू १ मिमी पिचचा (एका फेऱ्यात १ मिमी सरकवणारा) आणि त्यावर इंचाची डायल!

फरक १.६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो, पण व्यास ६ मिमीने उतरवायचा असेल तर या डायलच्या भरवशावर जॉब जवळजवळ ०.१ मिमी जाड राहतो. बेअरिंग बसवायच्या शाफ्टवर एवढी चूक चालत नाही. बोअरिंगमध्ये भोक तेवढंच लहान राहतं. माल शिल्लक राहतो म्हणून जॉब वाया जात नाही, पण शेवटच्या कटला दर वेळी मायक्रोमीटर लावावाच लागतो.

तक्रारीवर विक्रेत्याने स्क्रू, नट आणि डायलचा नवा संच घ्यायला सांगितलं. घेऊ नका. मोजून पाहिल्यावर माझं मत इथेच बदललं. स्क्रू आधीच मेट्रिक आहे, खोटे आहेत ते फक्त आकडे. १ मिमीच्या ४० रेघा म्हणजे एक रेघ नेमकी ०.०२५ मिमी, व्यासावर ०.०५. जुने आकडे घासून काढा आणि दर चौथ्या रेघेला १ ते १० आकडे टाका, म्हणजे एक आकडा ०.१ मिमी. खर्च शून्य. कंपाउंड स्लाइडही (क्रॉस स्लाइडवरची छोटी, तिरकी लावता येणारी स्लाइड) अशीच तपासा. तुमच्या यंत्रात १० फेऱ्यांना १२.७० मिमी आले तर स्क्रू खरोखरच इंची, २० टीपीआयचा (इंचाला २० आटे) आहे. मग हा उपाय लागू नाही.

लीड स्क्रू (आटे पाडताना टूल जॉबच्या लांबीने सरकवणारा) मात्र पक्का इंची आहे, १६ टीपीआय. १६ आट्यांवर पट्टी धरा: २५.४ मिमी भरले तर इंची, २४ भरले तर १.५ मिमी पिचचा. तो बदलायचा तर हाफ नटही (त्या स्क्रूला पकडणारे, उघडता येणारे नट) बदलावे लागतात, आणि त्याची गरज नाही. मेट्रिक आटे नेमके पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, म्हणजेच १२७ भागिले ५, आणि १२७ ला लहान भाजकच नाही. १ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) तो गिअर १२९ मिमी व्यासाचा होतो, गिअरच्या झाकणात मावत नाही. त्याऐवजी ६३ दातांचा एक गिअर घ्या. ८० चा बहुतेक सेटमध्ये असतोच. स्पिंडल आणि पहिला गिअर १:१ असतील तर लीड स्क्रूचं प्रमाण पिचच्या ०.६३ पट ठेवायचं (१६ भागिले २५.४ जवळपास तेवढंच येतं). १.२५ पिचला नुसता ६३ वरून ८० (६३ ने ८० फिरवायचा), मध्ये कोणताही आयडलर (प्रमाण न बदलणारा मधला गिअर). १.० ला त्यात ४०/५० ची भर. १.५ ला आधी ६० वरून ५०, मग त्याच शाफ्टवरचा ६३, तो ८० ला. चूक ०.०१२५ टक्के, १०० मिमी लांबीच्या आट्यात सव्वा शतांश मिमी. नट-बोल्टला हे कळतही नाही.

एक बंधन पाळायलाच हवं: मेट्रिक आटे पाडताना हाफ नट उघडायचा नाही. १.५ मिमी आणि १/१६ इंच यांचा मेळ १९०.५ मिमीनंतरच बसतो, त्यामुळे थ्रेड डायल (हाफ नट पुन्हा कधी लावायचा ते दाखवणारी) निरुपयोगी ठरते. कट संपला की मोटर थांबवा, टूल मागे घ्या, उलट फिरवून सुरुवातीच्या बऱ्याच अलीकडे आणा, म्हणजे सरळ फिरवताना बॅकलॅश आटे सुरू होण्याआधीच निघून जातो. चक फ्लँजला बोल्टने बसवलेला असेल तरच हे निर्धास्तपणे करा. स्पिंडलच्या आट्यांवर चढणारा चक उलट फिरताना सुटू शकतो. तिथे मोटर न वापरता स्पिंडलला हँडल लावून हाताने फिरवा.