पेठांमध्ये कुरिअरसाठी इलेक्ट्रिक कार्गो सायकल: पाडवा ते दिवाळी

पुण्यात सदाशिव पेठेत माझी कुरिअरची एजन्सी आहे. पाडव्याला पेडलवाली इलेक्ट्रिक कार्गो सायकल घेतली, मागे लांब कॅरिअर आणि त्यावर कुलपाची पेटी. ऊन, पाऊस, गणपती, फराळाची गर्दी, सगळ्यांतून ती गेली आहे.

भेटेल तो आधी रेंज विचारतो. आमच्या कामात रेंजला फारसं महत्त्व नाही. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम १ युनिट वीज. माल भरून ४० किलोमीटरच्या आसपास चालते, पेठांतली फेरी त्याच्या बरीच आत संपते.

खरी कमाई होते ती गाडी थांबवताना. लक्ष्मी रोड, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौक इथे टेम्पोला जागा मिळत नाही. मिळाली तर पी-वन, पी-टूची (सम-विषम तारखेनुसार बदलणाऱ्या पार्किंगची) तारीख बघायची, आणि मग खोकं खांद्यावर घेऊन चालायचं. सायकल थेट वाड्याच्या चौकात जाते. डिलिव्हरीच्या पोरांचा वेळ गाडी चालवण्यात कमी आणि गाडी लावण्यात, घर शोधण्यात, जिने चढण्यात जास्त जातो. म्हणून वेग ताशी २५ किलोमीटरला अडतो याची कुणाची तक्रार नाही. पेठेत तेवढा मोकळा रस्ता असतो कुठे? गणपतीत रस्ते वाहनांना बंद झाले की पोरं उतरून सायकल हाताने ढकलत न्यायची आणि पार्सल त्याच दिवशी पोचायचं.

मोटर २५० वॅटच्या आत, वेग २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर लायसन्स आणि नंबर प्लेट लागत नाही. हेल्मेट मात्र मी सक्तीचं केलंय.

मालाचं गणित मोसमागणिक बदलतं. जूनमध्ये वह्या-पुस्तकांचे गठ्ठे असतात, तेव्हा पेटी अर्धी रिकामी असतानाच वजन पुरे होतं. दिवाळीत उलट. चिवडा-चकलीच्या खोक्यांना वजन कमी, जागा फार. कुरिअरमध्ये सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि ते किलो वजन म्हणून धरतात, ते याच मालासाठी. दिवाळीत पेटी भरायला आम्हाला पुन्हा पुन्हा दुकानात यावं लागलं. पेटी घेताना ती किती किलो पेलते हे विचाराच, पण आत किती लिटर जागा आहे ते आधी विचारा.

चढाला ही सायकल हरते. माणूस, सायकल, माल मिळून १५० किलो धरा. १०० मीटरला ५ मीटर असा चढ ताशी १२ किलोमीटरने चढायला सुमारे २४५ वॅट लागतात, म्हणजे मोटरची अख्खी ताकद तिथेच संपली. सहकारनगरात तळजाई टेकडीच्या बाजूला भरलेली सायकल नेली की चाकातली हब मोटर हात लावू नये इतकी तापते, आणि उरलेला जोर पोराच्या पायांतून येतो. एप्रिलच्या दुपारी कुणाकडून हे करून घेणं मला पटत नाही. तो भाग टेम्पोकडे दिला.

देखभालीत सगळ्यात जास्त त्रास मागच्या चाकाने दिला. माल, मोटर, खड्डे, स्पीडब्रेकर सगळं त्याच्यावर. तारा तुटायच्या, शेवटी जाड तारांचं चाक बांधून घेतलं, तेव्हा थांबलं. पंक्चरला चाक काढायचं तर मोटरची वायर सोडवावी लागते, म्हणून आमचा सायकलवाला चाक जागेवर ठेवून बाजूने ट्यूब ओढून ठिगळ लावतो. पावसात बॅटरीला काही झालं नाही. कनेक्टरवर मात्र हिरवा गंज चढला आणि ब्रेकपॅड चिखलाने भराभर झिजले.

आता दुसरी घेतोय. तीनचाकी मॉडेल पाहिलं, माल दुप्पट मावतो, पण बोळात वळत नाही. मधली, म्हणजे पेडलपाशी बसवलेली मोटर असलेली घेणार आहे, म्हणजे चढावर सायकलचे गिअर मोटरच्याही कामी येतील. चेन लवकर झिजेल, ते परवडेल.