नखाच्या बुरशीचा '28 दिवसांचा कोर्स' घेऊ नका, माझे 11,549 गेले

फेसबुकवर नखाच्या तेलाच्या जाहिराती तुम्ही पण बघितल्या असतीलच, बुरशी जाते आणि 28 दिवसांत नवीन नख येतं म्हणणाऱ्या. माझी पोळीभाजीची खानावळ आहे, दिवसभर हात पाण्यात आणि गिऱ्हाईक डबा घेताना आधी बोटंच बघतं, म्हणून मागवलं, हौस नव्हती मला. किट 1,499, पैसे पार्सल आल्यावर. मग 'डॉक्टर'चा फोन, व्हॉट्सॲपवर हातापायाच्या नखांचे फोटो टाका, आणि लगेच निदान, "ताई बुरशी रक्तात गेलीय, कोर्स लागेल", 6,800. वर 3,250 लॅब चार्ज, म्हणे परत मिळणार. यूपीआय कुणा भलत्याच माणसाच्या नावावर. दिसलं मला ते, पण ताई ताई करून समोरचा बोलूच देईना.

सगळ्यात चीड येते त्या "28 दिवसांत नवीन नख"ची. अहो पायाचं नख महिन्याला जेमतेम एक-दीड मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं अख्खं यायला वर्ष-दीड वर्ष जातं! नेलकटर माझ्याच हातात असतं ना, तेव्हा कळू नये? आणि ती बाटली. लेबलचा कोपरा सुटला होता, ओढला तर खाली दुसरं लेबल, केसांच्या तेलाचं. बॅच नंबर नाही, लायसन नंबर नाही. असलं काही आलं तर फेकू नका, फोटो काढून ठेवा.

चौकीत साहेब म्हणतात, "तुम्हीच पाठवले ना पैसे?" अर्ज घेतलाच नाही, म्हणे सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणे रक्कम छोटी आहे, तक्रार ऑनलाइन टाका. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. औषधांच्या सरकारी ऑफिसात गेले तर आधी बिल आणा, अहो बिल देणारा असता तर इथे कशाला आले असते? आणि प्रत्येक टेबलावर तेच, शिकलेल्या दिसता की मॅडम. म्हणजे चोर राहिला बाजूला, उलटतपासणी माझीच. पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, तासाभरात रक्कम पुढच्या खात्यात सरकते, हे यातल्या एकानेही सांगितलं नाही.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी नखाखालचा भुगा खरवडून केओएच टेस्ट केली, म्हणजे त्यावर एक रसायन टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशी बघतात ती. पायाला बुरशी निघाली, हाताची नखं नुसती पाण्याने खराब झालेली. खराब दिसणारी निम्मी नखं बुरशीची नसतातच म्हणे, सोरायसिस हा त्वचेचा आजार असतो, नाहीतर मार लागलेला असतो. फोटोवरून निदान करणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. मला टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध दिलंय, 250 मिलिग्रॅमची गोळी, 12 आठवडे, त्याआधी लिव्हरची रक्ततपासणी, त्यामुळे मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका.

परवा त्या 'डॉक्टर'चा परत मेसेज, "ताई, नखांचा नवीन फोटो पाठवा, पुढचा डोस ठरवू."