लेकाच्या कंदिलांची पहिली मोठी ऑर्डर आणि गेलेले २२,५०० रुपये

हे लिहायला मला वर्षभर लागलं, कारण आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. पण परवा आमच्याच बिल्डिंगमधल्या एका ताईंच्या मुलीला, ती घरी साबण बनवून विकते, आम्हाला आला होता अगदी तसाच फसवणुकीचा फोन आला आणि ताई क्यूआर स्कॅन करायच्या बेतात होत्या, तेव्हा ठरवलं की आता सगळं लिहूनच टाकायचं. ज्यांची मुलं घरी काहीबाही करून विकतात, राख्या, पणत्या, केक, शुभेच्छापत्रं, त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझा लेक सहावीत असताना आजोबांकडून कंदील शिकला. कामट्यांचा, षटकोनी, खाली झिरमिळ्या असलेला. पहिल्या दिवाळीला चार केले आणि शेजाऱ्यांना दीडशेला एक असे विकले. सातवीत बावीस. पुण्यात बुरूड आळीतून कामट्या आणायच्या, बोहरी आळीतून जिलेटिन आणि घोटीव कागद, खळ मी शिजवून द्यायची (त्यात झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात ना, त्यामुळे ते काम मी त्याच्याकडे कधीच दिलं नाही). त्याची एक हिशोबाची वही आहे, दोनशे पानी, त्यात डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला विक्री, आणि शेवटच्या पानावर "येणे बाकी". दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दोन वर्षांपूर्वीचे पन्नास रुपये अजून दिले नव्हते ते सुद्धा त्यात होते. एका कंदिलाला ८५ रुपये खर्च येतो आणि २५० ला विकला तर किती सुटतात हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यानंच काढलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा आणि अजूनही वाटतो.

२०२४ ची दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. मी आमच्या भागाच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर कंदिलांचे फोटो टाकले, त्यात लेकाचा कंदील हातात धरलेला एक फोटो, "आठवीतल्या मुलानं स्वतः बनवलेले" असं वर लिहिलं आणि खाली माझा मोबाईल नंबर. माझ्या मते चूक इथूनच सुरू झाली. त्या एका पोस्टमध्ये समोरच्याला सगळं मिळालं, की विकणारा लहान आहे, पैसे आई घेणार आहे, आणि आई खुश आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. हिंदीत बोलत होता, अतिशय अदबीनं. आपण आर्मीत आहोत, कॅम्पमध्ये पोस्टिंग आहे, मेस सजवायला तीस कंदील हवेत. पुण्यात राहणाऱ्याला यात खटकण्यासारखं काय वाटणार, इथे लष्कराची माणसं रोज दिसतात. त्यानं व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं, कँटीन कार्ड पाठवलं. भाव केला नाही. २५० म्हटलं तर लगेच ओके. कंदील केवढा आहे, कधी मिळेल, कोण आणून देणार, यातलं काहीच विचारलं नाही. दिवाळीचा कंदील घेणारं माणूस दहा रुपये तरी कमी करायला लावतंच की हो! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग म्हणाला बच्चे से बात कराइए. लेकाला फोन दिला तर त्याला म्हणाला, बेटा बहुत बढ़िया काम करते हो, हमारे साहब खुद देखेंगे. लेकाचा चेहरा मी विसरणार नाही. त्याच संध्याकाळी तो वडिलांना घेऊन बुरूड आळीत गेला आणि स्वतःच्या साठवलेल्या पैशातून २,१४० रुपयांचं सामान घेऊन आला. मी अडवलं नाही, पक्की ऑर्डर आहे ना.

रात्री पेमेंटसाठी फोन. म्हणाला, पेमेंट सगळं आर्मीच्या अकाउंटमधून होतं, त्याची वेगळी पद्धत असते, आधी तुमचा नंबर व्हेरिफाय करावा लागतो. पाच रुपयांचा क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला, पिन टाकला, पाच गेले आणि लगेच दहा परत आले. बघा मॅडम, दुप्पट येतात, सिस्टिमच अशी आहे. मग ७,५०० चा क्यूआर आला. मी पिन टाकायच्या आधी थांबले होते, हे खरंच सांगते. पिनच्या त्या स्क्रीनवर वर पाठवतोय असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, शेजारी रक्कम, आणि कोणाला जाणार त्याचं नाव. नाव भलत्याच माणसाचं होतं. मी विचारलं तर म्हणाला ते आमचे अकाउंटंट, आणि आम्ही पाठवतोय म्हणूनच तसं दिसतंय तुम्हाला. लेक शेजारी उभा, वही उघडून, पेन हातात. मी पिन टाकला.

७,५०० गेले.

त्यानं एक सेकंदही जाऊ दिला नाही. सॉरी मॅडम, एंट्री उलटी पडली, फोन कट करू नका नाहीतर रिफंड अडकेल, आता दोन्हीचे मिळून पंधरा हजारांचा कोड पाठवतोय, तो स्कॅन केला की सगळं एकदम जमा होईल. आज वाचणाऱ्याला वाटेल ही बाई इतकी कशी... पण त्या वेळी डोक्यात एकच असतं, गेलेले परत आणायचे, आणि कानात तो माणूस सतत बोलत असतो, विचार करायला जागाच देत नाही. दुसऱ्यांदा पिन टाकला. १५,००० गेले. तिसरा कोड आला तेव्हा लेकानंच माझा हात धरला, "आई, थांब." मी फोन कट केला.

आता जे मला आधी कोणी सांगायला हवं होतं ते. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. क्यूआर स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं, घेणारा माणूस फक्त आपला क्यूआर दाखवतो. पाच रुपये देऊन दहा परत येणं हे गळाला लावलेलं आमिष आहे, ते कुठल्याच सिस्टिममध्ये होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयनं (यूपीआय चालवणारी संस्था) दोन व्यक्तींमधली कलेक्ट रिक्वेस्ट बंद केली, म्हणजे कोणी अनोळखी माणूस पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवून तुम्हाला फसवायचा तो रस्ता बुजला, पण क्यूआरचा रस्ता अजून उघडा आहे आणि ताईंना आलेला कोड क्यूआरच होता.

फोन कट केल्यावर मिस्टरांनी बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधायला घेतला तर माझ्या भावानं फोनवरूनच ओरडून थांबवलं, तिथे खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात, तिथे दुसऱ्यांदा लुटतात. नंबर कार्डाच्या मागे असतो तो घ्या किंवा बँकेच्या ॲपमधला. आणि सगळ्यात आधी १९३०. ही सरकारी सायबर हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू. पाऊण तासाच्या आत आमची तक्रार गेली. त्यांनी बँक, खाते नंबर, रक्कम, वेळ आणि दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक असतो तो) विचारले, म्हणून ॲपची हिस्टरी उघडूनच फोन लावा, आणि त्या माणसाचे चॅट अजिबात डिलीट करू नका, माझा हात तेच करायला चालला होता. नंतर तीच तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर पूर्ण केली आणि पोलीस चौकीत प्रिंट दिली.

बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. तेव्हा नियम तसाच होता, ग्राहकाच्या हातून झालेलं असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण लवकर कळवल्यामुळे समोरच्या खात्यात उरलेले ६,८०० गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढच्या खात्यात आणि तिथून एटीएमनं काढलेले. ते ६,८०० सुद्धा कोर्टाचा आदेश होऊन हातात यायला पाच महिने गेले.

पैशांपेक्षा मला जे लागलं ते वेगळंच. त्या रात्री लेक म्हणाला, "माझ्या कंदिलांमुळे गेले ना आई?" मी लहानपणी साताऱ्याला आमच्या ओट्यावर गोष्टींची पुस्तकं दिवसाला दहा पैसे भाड्यानं द्यायचे, तिथे एकानं मला मधोमध चिकटवलेली दोनची नोट दिली होती आणि सुटे घेऊन गेला होता. मी रडत होते तर बाबा म्हणाले नोट उजेडात धरून बघायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्यासोबत ओट्यावर बसले. मला तेच सुचलं. बाल्कनीत कामट्यांचा ढीग पडला होता, दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि त्याच्यासोबत कंदील बांधायला बसले. त्या दिवाळीला एकतीस विकले गेले.

आता तो मोठ्या ऑर्डरला आधी घरी येऊन सॅम्पल बघा म्हणतो आणि निम्मे पैसे रोख घेतो, हे त्यानंच ठरवलं. पोस्टमध्ये त्याचा फोटो आणि माझा नंबर आता नसतो, ओळखीतून येतील तेवढीच गिऱ्हाइकं.

वहीच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पन्नास रुपयांखाली त्यानं १५,७०० लिहून ठेवलेत. काकांचे आले, ती ओळ खोडली. खालची तशीच आहे.